खेळाडू पोरांची अकरावी आणि डिग्रीची ॲडमिशन: मुंबईतल्या आईबाबांनी कधी काय करायचं

दर जूनमध्ये आमच्या ग्राउंडवर हेच चालतं. पोरं प्रॅक्टिस संपवून गुडघ्यावरची माती झटकत बसलेली असतात आणि कट्ट्यावर आया एकमेकींना विचारत असतात, अगं ते सर्टिफिकेट व्हेरिफाय कुठून करून आणायचं, फॉर्ममध्ये खेळाडू म्हणून टिक केलं पण पुढे काय अपलोड करू, उद्या शेवटची तारीख आहे. मी स्वतः दादर-परळ भागात खो-खो खेळत मोठी झाले, आता माझी लेक खेळते आणि भाचा स्विमिंगला आहे, म्हणजे अकरावी, डिग्री, बाहेरगावचं आणि अगदी अमेरिकेचंही प्रकरण घरात दोन्ही बाजूंनी बघून झालंय. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. यातून एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे, आपली पोरं खेळात कमी पडत नाहीत, ती कागदात आणि तारखेत अडकतात. आणि कागदाचं काम दहावीच्या सुट्टीत सुरू करून भागत नाही, ते आठवी-नववीतच सुरू करायचं.

तर सगळ्यात आधी फाइल. एक जाड प्लॅस्टिकची फाइल आणा, त्यात प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट, संघनिवडीचं पत्र, शाळेने दिलेलं खेळाडूचं ओळखपत्र आणि पेपरात निकाल छापून आला असेल तर ते कात्रण, सगळं ठेवा, आणि घरी आल्या आल्या फोनवर स्कॅन करून ड्राइव्हवर टाका. फाइलच्या पहिल्या पानावर हाताने एक तक्ता करा, कुठली स्पर्धा, कोणी भरवली, कुठला वयोगट, कधी, कुठे, कितवा नंबर. हा तक्ता पुढे पाच ठिकाणी लागतो आणि तीन वर्षांनी आठवून लिहायला बसलं की नेमकी तारीख आठवत नाही. नाव तपासा. खरंच तपासा. सर्टिफिकेटवर घरातलं लाडाचं नाव, वडिलांचं नाव गायब, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारीख चुकलेली, हे इतकं होतं की सांगता सोय नाही, आणि स्पर्धेच्या टेबलवर त्याच दिवशी सांगितलं तर दुरुस्त होतं, दोन वर्षांनी त्या आयोजकांना शोधत फिरायला लागतं.

माझ्या भाचीचं काय झालं ते सांगते. मल्लखांबात स्टेट खेळलेली पोरगी. सर्टिफिकेट आलं ते थेट शाळेत आलं, शाळेच्या कपाटात राहिलं, पीटीचे सर मध्येच दुसरीकडे गेले, आणि आम्हाला वाटत होतं की शाळा बघतेय सगळं. अकरावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कळलं की पडताळणीसाठी कागद कधी पाठवलेच नव्हते. कपाटाची चावी मिळेपर्यंत मुदत संपली. पोरगी एका शब्दाने बोलली नाही, पण महिनाभर ग्राउंडवर गेली नाही, ते मला अजून टोचतं. शाळेला दोष देऊन काही हातात येत नाही, त्यामुळे तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे, ओरिजिनल आपल्याकडे, शाळेला झेरॉक्स, आणि शाळेत काहीही दिलं की पोच घ्यायची.

आता पडताळणी म्हणजे काय ते. नुसतं सर्टिफिकेट दाखवून आरक्षण मिळत नाही, ते खरं आहे आणि ती स्पर्धा नियमात बसते असं क्रीडा खात्याकडून लिहून यावं लागतं. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, दोघांची जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयं वेगळी, आणि वर विभागाचे उपसंचालक. तुमची शाळा कुठल्या जिल्ह्यात येते ते बघा, घर कुठे आहे ते नाही. माहीमची शाळा शहरात आणि वांद्र्याची उपनगरात, एका खाडीचं अंतर पण ऑफिस वेगळं. हे काम मे-जूनच्या गर्दीत करू नका, स्पर्धा झाली की महिन्या-दोन महिन्यांत शाळेमार्फत मागे लागा.

कुठल्या स्पर्धा धरतात हाही मोठा घोळ आहे. ग्राउंडवर आपण ज्याला 'डीएसओ' म्हणतो त्या शालेय स्पर्धा, जिल्हा मग विभाग मग स्टेट, आणि तिथून शालेय नॅशनल, ही एक शिडी. दुसरी शिडी असोसिएशनची, म्हणजे त्या खेळाच्या मान्यताप्राप्त राज्य संघटनेच्या सब-ज्युनिअर, ज्युनिअर स्पर्धा. मुंबईत तिसरं एक आहे, एमएसएसए, मुंबई शाळा क्रीडा संघटना, १८९३ पासूनची, जिच्या क्रिकेटच्या हॅरिस आणि जाइल्स शील्डबद्दल सगळ्यांना माहीत असतं. हॅरिस शील्डमध्येच १९८८ ला सचिन आणि कांबळीने ६६४ ची भागीदारी केली, तिथेच २०१३ ला पृथ्वी शॉने ५४६ काढले. अशा स्पर्धेत चमकलं की सिलेक्टर आणि कोच बघतात, नाव होतं, कॉलेजच्या ट्रायलला बोलावणं येतं, पण सरकारी आरक्षणाच्या फॉर्ममध्ये स्तर कुठला ते विचारतात, तिथे शालेय स्टेट-नॅशनल किंवा मान्यताप्राप्त संघटनेचं सर्टिफिकेट लागतं. क्रिकेटवाल्या पालकांना हे ऐकून वाईट वाटतं, पण आधी कळलेलं बरं.

आणि कळकळीने सांगते, "नॅशनल खेळवतो, इंटरनॅशनल खेळवतो, इतके हजार भरा" असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. नावात इंडिया आणि फेडरेशन लावलेलं असतं, नेपाळ किंवा थायलंडची ट्रिप असते, गळ्यात मेडल घातलेला फोटो येतो, आणि पडताळणीला तो कागद कचरा ठरतो. पैसे भरायच्या आधी एकच विचारायचं, या संघटनेला केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची किंवा भारतीय ऑलिम्पिक संघटनेची मान्यता आहे का, आणि उत्तर तोंडी घ्यायचं नाही, स्वतः यादीत बघायचं.

दहावीच्या वाढीव मार्कांचं बघू. स्टेट बोर्डात खेळाडूंना दहावी आणि बारावीला स्पर्धेच्या स्तरानुसार जास्तीचे मार्क मिळतात, जास्तीत जास्त २५. दहावीला ५०० पैकी २५ म्हणजे सरळ ५ टक्के झाले, मुंबईच्या कटऑफमध्ये ५ टक्के म्हणजे काय हे ज्याने यादी बघितलीय त्याला सांगायला नको. पण हे मार्क आपोआप पडत नाहीत. शाळेकडून प्रस्ताव क्रीडा कार्यालयात आणि तिथून बोर्डाकडे जातो, निकालाच्या बराच आधी, त्यामुळे पोर प्रिलिमच्या अभ्यासात असताना तुम्ही जानेवारीतच हेडमास्तरांना किंवा पीटीच्या सरांना भेटून विचारा की आमचा प्रस्ताव कधी जाणार, कुठले कागद हवेत. आयसीएसई आणि सीबीएसईत असे खेळाचे मार्क मिळत नाहीत. सीबीएसईत मात्र राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे बोर्डाचा पेपर हुकत असेल तर नंतर परीक्षा देण्याची सोय आहे, त्यासाठीही अर्ज शाळेने वेळेत पाठवावा लागतो.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म आता २०२५-२६ पासून अख्ख्या राज्यात एकच झालाय, आधी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतच होता. पहिल्या भागात स्वतःची माहिती आणि आरक्षण, दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतीक्रम, १० पर्यंत. खेळाडू हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे तुमचा जो काही प्रवर्ग आहे, ओपन असो नाहीतर ओबीसी-एससी, त्याच्या आतच खेळाडूंच्या जागा असतात. कुठला स्तर चालतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ती पुस्तिका पूर्ण वाचा, शेजारच्या काकूंचं मागच्या वर्षीचं ज्ञान यावर्षी चालेलच असं नाही. पडताळणी झालेला कागद हातात नसेल तर खेळाडूवर टिक करून बघू काय होतं असं करू नका, कॉलेजात कागद तपासताना ॲडमिशन रद्द होऊ शकते. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून एक नंबरला मैत्रिणींनी टाकलं म्हणून, नाव मोठं म्हणून काहीही टाकू नका.

आता एक नंबरला काय टाकायचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त पोरांचा खेळ सुटतो. अकरावी-बारावीची पोरं १९ वर्षांखालील शालेय स्पर्धेत आपल्या ज्युनिअर कॉलेजकडून उतरतात. कॉलेजने संघच पाठवला नाही तर तुमची पोरगी कितीही भारी असो, त्या शिडीवर पायच ठेवता येत नाही. माझ्या लेकीच्या संघातल्या दोघी चांगल्या ९० टक्क्यांवर लागणाऱ्या कॉलेजात गेल्या, तिथे खो-खोचा संघ नव्हता, दोन वर्षं नुसत्या क्लबकडून खेळल्या आणि एकीने तर सोडूनच दिलं. म्हणून कॉलेज निवडायच्या आधी तिथल्या जिमखान्यात जा. ऑफिसच्या खिडकीवर विचारू नका, जिमखान्यातच जा, स्पोर्ट्सच्या सरांना किंवा मॅडमना भेटा आणि विचारा, मागच्या वर्षी या खेळात डीएसओला एन्ट्री दिली होती का, किती पोरं खेळली, प्रॅक्टिस कुठे होते, स्पर्धेमुळे लेक्चर बुडलं तर अटेंडन्सचं काय करता, प्रॅक्टिकल परत घेतात का. सर मोकळेपणाने बोलले, तिथे बसलेल्या दोन खेळाडूंशी तुमची ओळख करून दिली, तर समजा की जागा बरी आहे. उत्तरं गोलगोल आली तर समजायचं ते समजा.

मग गाडीचं गणित. गोरेगावच्या पोराला चर्चगेटचं कॉलेज मिळालं आणि त्याची प्रॅक्टिस कांदिवलीच्या साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) ग्राउंडवर आहे, तर तो सकाळी सहाला घरातून निघतो, दुपारी उलट्या दिशेने येतो, संध्याकाळी ग्राउंडवर उभा राहीपर्यंत पायात जीव राहत नाही. कॉलेज, ग्राउंड आणि घर हे तिन्ही एकाच लाइनवर, शक्यतो गर्दीच्या उलट्या दिशेने, असं बसवा. शिवाजी पार्कला किंवा तिथल्या महात्मा गांधी तलावावर प्रॅक्टिस असेल तर दादर-माटुंगा-परळची कॉलेजं बघा, दोन्ही लाइनी मिळतात. रुईया, पोदार, कीर्ती, एमडी ही नावं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात ती काही उगाच नाही, वेंगसरकर आणि शास्त्री पोदारचेच. पण जुन्या नावावर जाऊ नका, तुमच्या खेळाचं आज तिथे काय चाललंय तेच विचारा. मुंबईत ज्युनिअर कॉलेजला शिरलं की त्याच कॉलेजच्या डिग्रीला आपल्या पोरांना आधी घेतात, म्हणजे अकरावीला घेतलेला निर्णय बऱ्याचदा पंधरावीपर्यंत चालतो, हे डोक्यात ठेवून ठरवा.

सायन्स घेऊ की नको, हा प्रश्न मला दर वर्षी विचारतात. ज्याला खरंच आवडतं त्याने घ्यावं, खेळाडू आहे म्हणून कॉमर्सच घे असं म्हणणं पोरावर अन्याय आहे. फक्त इंटिग्रेटेडवाल्या, म्हणजे कोचिंग क्लास जोडलेल्या कॉलेजात टाकताना विचार करा, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासच चालतो आणि खेळायला जायचं म्हटलं की तोंडं वाकडी होतात. बारावीला बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, त्यामुळे कुठल्याही स्पर्धेला जाताना आधी पत्र द्या, आल्यावर सर्टिफिकेटची झेरॉक्स द्या, आणि दोन्हींवर सही-शिक्का घेऊन ठेवा.

बारावीनंतर डिग्रीला मुंबईत स्पोर्ट्सच्या ॲडमिशनचं बरंचसं कॉलेजच्या हातात असतं, ट्रायल घेतात, सर्टिफिकेटं बघतात. निकाल लागायची वाट बघू नका, एप्रिल-मेमध्येच जिमखान्यात बायोडेटा देऊन या. दुसऱ्या कॉलेजातून आलात तर तुमची किंमत ही युनिव्हर्सिटीच्या आंतरकॉलेज स्पर्धेत त्यांना किती उपयोगी पडाल यावर ठरते, आणि तिथून वेस्ट झोन, ऑल इंडिया इंटर-युनिव्हर्सिटी, खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स असं पुढे दार उघडतं. ऑल इंडियाचं सर्टिफिकेट नोकरीलाही कामाला येतं, राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, रेल्वेची स्पोर्ट्स भरती वेगळीच.

मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर दोन गोष्टी सांगते. दिल्ली युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्सच्या जास्तीच्या जागा असतात पण त्यासाठीही सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, तिला २५ टक्के वजन आणि बाकीचं सर्टिफिकेट आणि ट्रायलला, म्हणजे खेळात तगडं असलेल्या पोराला परीक्षेत फार मोठे मार्क नसले तरी आशा असते, पण परीक्षाच दिली नाही तर दार बंद. आणि आयआयटी मद्रासने २०२४ पासून स्पोर्ट्स कोटा सुरू केलाय, प्रत्येक बीटेक कोर्सला २ जास्तीच्या जागा, त्यातली १ मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये नाव पाहिजे आणि मागच्या ४ वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एखादं मेडल पाहिजे. अर्ज आयआयटीच्या नेहमीच्या ॲडमिशनच्या, म्हणजे जोसाच्या फॉर्ममधून होत नाही, त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळा करायचा. अशी पोरं थोडी असतात, पण असतात, आणि त्यांना हे माहीतच नसतं.

आता अमेरिका. भाच्याच्या वेळी आम्ही यात दीड वर्ष घातलं म्हणून सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संस्था एनसीएए, आणि तिच्या यादीत क्रिकेट, कबड्डी, खो-खो नाही, बॅडमिंटनही नाही. स्विमिंग, ॲथलेटिक्स, टेनिस, गोल्फ, फुटबॉल, फेन्सिंग अशा खेळांच्या पोरांसाठी हा रस्ता आहे. आपल्याकडचा सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ ला एनसीएएचा एकेरीचा चॅम्पियन झाला, तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ ला जिंकला. दुसरी गोष्ट, एनसीएएच्या कॉलेजांचे तीन गट आहेत, त्यातल्या डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळाची स्कॉलरशिप मिळते, डिव्हिजन थ्रीमध्ये नाही, आणि हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीगमध्येही नाही, तिथे घरच्या परिस्थितीवर मदत देतात. पूर्ण स्कॉलरशिप फार थोड्यांना, बाकीच्यांना अर्धी-पाव, उरलेले डॉलर आपल्यालाच भरायचे असतात, तेव्हा घरात आकडा मांडूनच पुढे जा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ते नववी ते बारावी अशी चार वर्षं बघतात. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर विषय लागतात, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा अशातले, आणि कोअरचा जीपीए, म्हणजे या विषयांच्या ग्रेडची सरासरी, २.३ पाहिजे. आपल्याकडे नववीच्या मार्कांना कोणी विचारत नाही आणि अकरावीला तर "आराम कर" म्हणतात, तिथे तेच मार्क मोजले जातात. अकरावीला गणित सोडायच्या आधी म्हणूनच हे तपासा. एसएटी या तिथल्या प्रवेश परीक्षेची सक्ती एनसीएएने २०२३ ला काढली, पण एखादं कॉलेज स्वतः मागू शकतं.

कोचला मेल पोराने स्वतः लिहायचा, बाबांनी नाही. बऱ्याच खेळांत डिव्हिजन वनचा कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून उत्तर देऊ शकतो, त्याआधी उत्तर नाही आलं म्हणून नाराज व्हायचं नाही. मेल छोटा ठेवा, वय, कधी बारावी होणार, बेस्ट टाइम, कुठल्या स्पर्धेत, मार्क, आणि व्हिडिओची लिंक. इथे आमची मोठी चूक झाली होती, भाच्याने टाइम लिहिले पण ५० मीटरच्या तलावातले की कसले ते लिहिलंच नाही. अमेरिकेत कॉलेजचं पोहणं २५ यार्डांच्या तलावात होतं, त्यांना आपला टाइम हळू वाटतो, म्हणून 'लाँग कोर्स मीटर' असं स्पष्ट लिहा. ॲथलेटिक्सवाल्यांनी गोळ्याचं वजन लिहा, १८ खालची मुलं ५ किलोचा फेकतात आणि तिथे कॉलेजला ७.२६ चा असतो. हर्डल्सचीही उंची लिहा. एक कोच हो-हो करत राहिला म्हणून बाकीचे मेल थांबवू नका, आम्ही चाळीसएक पाठवले, सात जणांनी उत्तर दिलं आणि दोघांनी नीट बोलणं केलं. बक्षिसाची रक्कम मिळत असेल, खास करून टेनिसमध्ये, तर किती मिळाली आणि स्पर्धेला खर्च किती झाला याची पावत्यांसकट नोंद ठेवा, पुढे विचारतात. आणि लाखो रुपये घेऊन "स्कॉलरशिप पक्की" सांगणारा एजंट भेटला तर उठून घरी या, स्कॉलरशिप कोच देतो, एजंट देत नाही.

आणि हे सगळं करताना पोराला एकदा शांतपणे विचारा की तुला पुढे खेळायचंय का. दहावीपर्यंत आपण ओढत नेलेलं असतं. नको म्हणाला तर रागवू नका, साध्या मेरिटवर ॲडमिशन घ्या. पुढे मनात आलं तर क्लब आहेच.

ज्यांना खेळायचंय त्यांनी ॲडमिशनची पावती हातात पडल्यावर त्याच आठवड्यात जिमखान्यात जायचं. अकरावीच्या फेऱ्या लांबतात, कधी कधी कॉलेज सुरू होतं तोवर १९ खालील शालेय स्पर्धांच्या एन्ट्रीची तारीख येऊन ठेपलेली असते, आणि सरांना तुम्ही त्यांच्या कॉलेजात आलात हेच माहीत नसतं. फाइल घेऊन जा, दहावीची मार्कशीट, जन्माचा दाखला, आधार, फोटो, आणि मागच्या शाळेतला खेळाडू नोंदणीचा नंबर असेल तर तोही. लेकीच्या वेळी आम्ही पावती घेतली, वडापाव खाल्ला आणि तिथूनच जिमखान्याचा जिना चढलो, मॅडमनी फाइल उघडली, पहिल्या पानावरचा तक्ता वाचला आणि विचारलं, उद्या सकाळी साडेसहाला येशील का.